ओआरएसची पुडी पेल्यात नाही, १ लिटरमध्ये (सोसायटी ग्रुप, इंदिरानगर, नाशिक)

बी-३०२: ताई, बाळाला पहाटेपासून सहा वेळा पाण्यासारखी शी झाली. ओआरएस देतेय, तरी जुलाब थांबत नाहीत. वर उलटीही. दीड वर्षाचा आहे.

ए-१०४: पुडी किती पाण्यात घातलीस?

बी-३०२: अर्धी पुडी, पेलाभर पाण्यात. तो पितोच एवढंसं.

ए-१०४: ते ओतून दे गं आधी. मी लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर होते, ही चूक फार पाहिली. मोठी पुडी अख्खी, १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. घट्ट झालं तर मीठ जास्त होतं, बाळाला ते धोक्याचं. २०० मिलीची छोटी पुडीही मिळते, मागे वाच. २४ तासांनी उरलेलं टाकायचं.
उलटी झाली की १० मिनिटं थांब, मग चमच्याचमच्याने पाज. दर शीनंतर ५० ते १०० मिली.
आणि ओआरएसने जुलाब लगेच थांबत नाहीत. गेलेलं पाणी-मीठ भरून निघतं, त्यासाठीच ते आहे. ‘गुण नाही’ म्हणून आया इथेच बंद करतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा होता, सलाईन पुरेना. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी नातेवाइकांच्याच हातून पाजलं आणि कितीतरी जीव वाचले.

सी-२०१: आमच्याकडे जुलाबात दूध-जेवण बंद ठेवतात.

ए-१०४: नको काकू, अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. मऊ भात, मुगाचं वरण, केळं द्या.

डी-४०३: मेडिकलमधून सफरचंदाच्या चवीचा टेट्रापॅक आणलाय, चालेल?

ए-१०४: नको दादा. बहुतेकांत साखर जास्त असते, जास्त साखरेने जुलाब वाढतात. २०२५ मध्ये एफएसएसएआयने (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेने) अशा पेयांच्या नावात ओआरएस लिहायला मनाई केली ती त्यासाठीच. डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेली पुडीच आण.
बी-३०२, डोळे खोल गेले, बाळ मलूल पडलं, सहा तास सू नाही, शीत रक्त, किंवा पाजलेलं काहीच टिकत नसेल तर ग्रुपवर विचारत बसू नकोस, सरळ दवाखान्यात ने. गरज पडली तर रात्री २ वाजताही माझी बेल वाजव.

(संध्याकाळी ७)

बी-३०२: ताई, शी दोनदा झाली, पण सूही झाली. आत्ता वरण-भात मागितला.

ए-१०४: दे, दे! जुलाब होताहेत तोवर ओआरएसचं पाणी चालू ठेव. उद्या डॉक्टरांना झिंकच्या औषधाचं विचार, १४ दिवस द्यायचं असतं. जुलाब थांबले तरी मध्येच सोडू नकोस.