जि.प. शाळेला जुने १० संगणक मिळतायत. घ्यावेत का?

माळरान:
शाळा १ ली ते ७ वी, पट ६४. एक खोली रिकामी आहे, छत पत्र्याचं. दुपारी दोन-तीन तास लाइट हमखास जाते. मोबाइलला रेंज फक्त फाटकापाशी. एक कंपनी १० जुने डेस्कटॉप देतेय: कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, १९ इंची एलसीडी. वायरिंग-इन्व्हर्टरसाठी लोकवर्गणीचे ६० हजार आहेत. व्यवस्थापन समितीतले काही जण म्हणतात, भंगार कशाला, त्या पैशात दोन नवे लॅपटॉप घ्या. जाणकारांनी सांगावं.

फेजन्यूट्रल:
टेम्पो बोलवायच्या आधी वीज तपासा. असा एक डेस्कटॉप एलसीडीसकट १०० वॅटच्या आसपास ओढतो, म्हणजे दहांचा १ किलोवॅट. ९०० व्हीएचा घरगुती इन्व्हर्टर जेमतेम ७०० वॅट पेलतो. दहाही लावलेत तर ओव्हरलोडवर बसेल. १२ व्होल्ट १५० एएचची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तासांची. पण लेड-ॲसिड बॅटरी पार रिकामी करायची नसते, इन्व्हर्टरही थोडं खातो. हातात ८५० राहतात. सहा मशिन सव्वा तास, एवढंच धरा.

इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस/नॉर्मल असा बारीक स्विच असतो. नॉर्मलवर ठेवलात तर लाइट जाताक्षणी संगणक रीस्टार्ट होण्याची शक्यता जास्त. यूपीएसवर ठेवलात तर व्होल्टेज १८० च्या आसपास उतरलं की तो सरळ बॅटरीवर जातो. शेतीपंप सुरू असताना १७० मिळणं गावाला नवीन नाही. मग लाइट असूनही बॅटरी उतरत राहते आणि शिव्या बॅटरीवाल्याला. आठवडाभर ११, २ आणि ४ वाजता मल्टीमीटरने मोजून लिहा. कमी भरलं तर इन्व्हर्टरच्या आधी स्टॅबिलायझर.

अर्थिंग: लोड असताना न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर नको. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थ सॉकेटपर्यंत पोचलेलाच नाही. सॉकेटना २.५ चौ.मिमी वायर, वेगळा १६ अँपिअरचा एमसीबी (जादा करंट झाला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा). पोरांचा मामला आहे, आरसीसीबीत काटकसर नको.

स्क्रूड्रायव्हर:
दहाही घ्या, सहाच उभे करा, चार सुट्या भागांसाठी. बोर्डावर रॅमच्या चार खाचा असतील तर त्या चारांची रॅम दुसऱ्या चारांत घालून ४ जीबी होते. दोनच विकत घ्यावी लागते. आधी डीडीआर२ की डीडीआर३ ते बघा, दोन्हींची खाच वेगळी असते. हार्डडिस्क काढून १२० जीबीची एसएसडी (वेगवान डिस्क) घाला, फरक तिथेच पडतो. बोर्डावरचे घड्याळाचे सेल (सीआर२०३२) सगळ्यांचे बदला. सेल मेला की तारीख मागे जाते, मग नेट असूनही ब्राउझर साइट असुरक्षित म्हणून अडवतो.

विंडोज नको. १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, ११ या प्रोसेसरवर अधिकृतपणे चढत नाही. लिनक्स मिंट एक्सएफसीई टाका, फुकटची हलकी ऑपरेटिंग सिस्टिम आहे.

फळा_खडू:
लॅपटॉप अजिबात नको. ते ऑनलाइन माहित्या भरण्यात जातील, पोरांच्या हाती लागायचे नाहीत.

नेटवाचून अडत नाही. सर्वांत धड मशिन सर्व्हर करा आणि त्यावर कोलिब्री टाका, नेटशिवाय धडे दाखवणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, मेनूही मराठीत येतो. तालुक्याला वायफायवर लॅपटॉपमध्ये हवे तेवढेच धडे उतरवा (अख्खं चॅनल, म्हणजे धड्यांचा पूर्ण संच, नको), एक्सटर्नल डिस्कवर एक्सपोर्ट आणि शाळेत इम्पोर्ट. बाकीच्या पाचांवर ब्राउझरमध्ये सर्व्हरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता), पुढे कोलन ८०८०. जोडणी ८ पोर्टचा नेटवर्क स्विच आणि कॅट-६ केबलने. राउटर नसेल तर सहांनाही आयपी हाताने द्या. असेल तरी सर्व्हरचा आयपी पक्का करा, नाहीतर पत्ता बदलतो आणि 'कोलिब्री बिघडलं' अशी बोंब. त्याच मशिनवर किविक्समधून (नेटशिवाय विकिपीडिया वाचायचं सॉफ्टवेअर) मराठी विकिपीडिया आणि एका फोल्डरमध्ये बालभारतीची पुस्तकं.

सर्व्हरला रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा संगणक) लावा असं कोणी सुचवेल. वीज कमी खातो खरा, पण त्यात घड्याळाचा सेल नाही. नेट नसलं की तारीख चुकते, मुलांच्या प्रगतीच्या नोंदी भलत्याच दिवशी पडतात. डीएस३२३१ हे घड्याळाचं मॉड्यूल लावलंत तरच.

सुरुवात ५ वी ते ७ वीपासून. एका मशिनवर दोघं, १२ ची तुकडी. दर १० मिनिटांनी घंटा देऊन माउस बदला, नाहीतर दांडगं पोर सोडत नाही. टायपिंग पहिल्या दिवसापासून इनस्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीवर. 'दुसऱ्या' लिहिताना साधा र घेतला की रफार वर चढतो. त्याऐवजी शिफ्ट-जे (ऱ), डी (हलन्त), मग य.

आणि कंपनीचं दानपत्र घेऊन डेडस्टॉक (टिकाऊ सामानाच्या) रजिस्टरला नोंद कराच. सरांची बदली झाली की बिननोंदीच्या मशिनला कोणी हात लावत नाही.

माळरान:
आजची मापं, दुपारी २ वाजता: फेज-न्यूट्रल १६८, फेज-अर्थ १७९, न्यूट्रल-अर्थ ११. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकलं, फरक नाही.

फेजन्यूट्रल:
मग खड्ड्याचा दोष दिसत नाही, ११ व्होल्ट न्यूट्रलमध्ये पडतायत. शाळेतलं सगळं बंद करून पुन्हा मोजा. ११ चे १-२ झाले तर शाळेच्याच लाइनवर कुठेतरी न्यूट्रलचा जोड सैल असावा, आधी मीटर ते मेन स्विचमधला बघा. सैल निघाला तर इलेक्ट्रिशियनकडून कापून नवा करून घ्या. तसेच राहिले तर दोष खांबाकडे, महावितरणला लेखी अर्ज द्या. तोवर संगणक जोडू नका.