दिवाळी अंकाचं साहित्य स्पॅममध्ये जातंय. स्पॅमअ‍ॅसासिन ठेवू की आरस्पॅमडी हा दुसरा स्पॅम फिल्टर घेऊ?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

आमच्या दिवाळी अंकाचा स्वतःचा मेल सर्व्हर आहे. छोटा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर), त्यावर मेलची ने-आण करणारं पोस्टफिक्स, मेल पेटीत ठेवणारं डव्हकॉट आणि स्पॅमअ‍ॅसासिन. ज्याने बसवून दिलं तो आता परदेशात असतो, म्हणून सगळं माझ्याकडे आलंय. साहित्य मागवलंय आणि नेमक्या कथाच जंकमध्ये पडतायत. एका ज्येष्ठ लेखिकाबाईंनी "पोच नाही आली" म्हणून फोन केला, तेव्हा कळलं. कर्जाच्या इंग्रजी जाहिराती मात्र बिनदिक्कत इनबॉक्सात!

मर्यादा मूळचीच: ५ गुण पडले की मेल स्पॅम. ८ केली तर कथा येतात, पण कचराही येतो. कथांच्या हेडरमध्ये (मेलच्या तांत्रिक नोंदीत) 'अनवाँटेड लँग्वेज बॉडी', म्हणजे नको असलेल्या भाषेतला मजकूर, हा नियम लागलेला दिसतो. बेझचा, म्हणजे शिकवलेल्या मेलवरून स्पॅम ओळखणाऱ्या भागाचा, नियम कुठेच नाही. व्हाइटलिस्ट (विश्वासू पत्त्यांची यादी) करून भागणार नाही, कारण नवे लेखक आधी माहीतच नसतात. त्यांचंच लिखाण हरवावं हे मला फार लागतं.

प्रतिसाद १
मर्यादेला हात लावू नका. तो भाषेचा नियम टेक्स्टकॅट या भाषा ओळखणाऱ्या प्लगिनचा. 'ओके लँग्वेजेस' या चालणाऱ्या भाषांच्या यादीत बहुधा फक्त इंग्रजी असेल, तिथे मराठी आणि हिंदीचे कोड घाला. बेझ किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल शिकल्याशिवाय गुण देतच नाही. गेल्या वर्षीचं साहित्य 'एसए-लर्न' या शिकवण्याच्या कमांडला चांगलं म्हणून द्या, जंक स्पॅम म्हणून. मेल तपासणी ज्या युजरखाली चालते त्याच युजरने शिकवा, नाहीतर शिकवलेलं भलत्याच खात्यात जातं. आणि डीएनएस रिझॉल्व्हर (नावांचे पत्ते शोधून देणारी सेवा) गूगलचा ८.८.८.८ आहे का? अशा सार्वजनिक रिझॉल्व्हरवरून आलेल्या चौकशीला स्पॅमहाउस ही स्पॅमवाल्यांची काळी यादी खरं उत्तर देत नाही. सर्व्हरवरच अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवा, कर्जवाले बरेच अडतील.

प्रतिसाद २
आरस्पॅमडी वेगवान आहे, मला आवडतो. पण त्याच्या बेझला रेडिस हा डेटाबेस लागतो आणि तोही २०० मेल शिकल्यावरच बोलतो. शिवाय मूळ मांडणीत १५ गुणांना मेल थेट नाकारतो. अंक निघेपर्यंत नाकारणं कुठेच चालू ठेवू नका. जंकमधून कथा काढता येते, नाकारलेली नाही.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. 'ओके लँग्वेजेस'मध्ये खरंच एकटी इंग्रजी होती! मराठी घातल्यावर आज आलेल्या कविता इनबॉक्सात आहेत. अनबाउंड उद्या बसवते. एक राहिलं: पुष्कळजण मेल कोरा ठेवून नुसती वर्ड फाइल जोडतात. अशा मेलवरून बेझ काय शिकणार?

प्रतिसाद १
फारसं काही नाही. स्पॅमअ‍ॅसासिनची ४.० आवृत्ती असेल तर एक्स्ट्रॅक्टटेक्स्ट प्लगिन जोडलेल्या फाइलमधला मजकूर काढून देतं, पण आधी आवाहनातच लिहा: मेलमध्ये स्वतःची ओळख चार ओळींत द्यावी.