एमबीबीएस नसली तरी जरूर करावं

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलंय: मुलगी बीएएमएस आहे आणि तिला नॉर्वेत ओस्लोला आंतरराष्ट्रीय सामुदायिक आरोग्यात (म्हणजे एकेका रुग्णापेक्षा सगळ्या वस्तीच्या आरोग्याचा अभ्यास) मास्टर्स करायचंय, तर पाठवावं का? त्यावर ‘एमबीबीएस नाही, मग काय उपयोग?’ असं कुणीतरी उत्तर दिलंय, ते मला अजिबात पटलं नाही. जामखेडला डॉक्टर आरोळे दांपत्याने 1970 पासून गावातल्या बायकांना शिकवून आरोग्यसेविका केलं, त्यातल्या कितीतरी निरक्षर होत्या. प्राथमिक आरोग्यसेवा सगळ्यांना मिळावी म्हणणाऱ्या 1978 च्या आंतरराष्ट्रीय अल्मा-आटा जाहीरनाम्यामागे अशाच कामांचा अनुभव होता. हा विषय एकट्या डॉक्टरांचा कधीच नव्हता.

ताई, खर्चाचं मात्र आधी बघा. नॉर्वेत 2023 पासून युरोपबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना सरकारी विद्यापीठांतही फी भरावी लागते. ‘तिकडे शिक्षण फुकट’ हे आता विसरा. आणि खाडीपलीकडे देवनारला टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) आहेच, तिथेही चौकशी करा.

अर्ज भरण्याआधी मुलीला तुर्भ्याच्या वस्तीत अंगणवाडीताईंबरोबर फिरू द्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की दंड मोजायची रंगीत पट्टी लाल दाखवते, म्हणजे तीव्र कुपोषण. पण ते का झालं हे पट्टी सांगत नाही; आई कामाला किती वाजता जाते, मागे पोराला कोण भरवतं, पाणी कधी येतं, हे दारात उभं राहून विचारावंच लागतं. त्यात तिचं मन रमलं, तर बिनधास्त पाठवा.