‘स्लॅश’ आणि ‘फॅन्डम’: मराठी शब्द सुचवा

विज्ञानकथा-अद्भुतिकांचे चाहते आणि त्यांच्यातले माझ्यासारखे समलिंगी वाचक, यांच्यावर एक मोठा लेख मराठीत लिहितोय. दोन शब्दांपाशी गाडी अडली आहे. शब्दकोशाप्रमाणे ‘फॅन्डम’ म्हणजे चाहतावर्ग आणि ‘स्लॅश’ म्हणजे तिरकी रेघ (फॅन्डममध्ये मात्र ते चाहत्यांनी लिहिलेल्या एका प्रकारच्या कथांचं नाव आहे). दोन्ही अर्थ बरोबर आहेत, पण लेखात घालून पाहिले तर वाक्य मरतं.

आधी फॅन्डम. ‘फॅन’ हे ‘फॅनॅटिक’चं आखूड रूप आणि पुढचं ‘डम’ हे ‘किंगडम’मधलं. म्हणजे शब्दातच एक मुलूख आहे. ‘चाहतावर्ग’ नटाला असतो, गायकाला असतो. तो समोर बसतो, टाळ्या वाजवतो, घरी जातो. विज्ञानकथांचे चाहते एकमेकांकडे तोंड करून बसले. त्यांनी स्वतः लिहिलं, टंकलं, प्रती काढल्या, टपालाने एकमेकांना पाठवल्या. अशा घरगुती नियतकालिकाला ‘फॅनझिन’ हे नाव मिळालं १९४० साली, पण नियतकालिकं त्याआधीपासून निघत होती.

पुढचा तपशील माझ्या लेखाच्या मध्यभागी आहे. लॉस एंजलिसमधल्या विज्ञानकथाप्रेमींच्या मंडळात ‘टायग्रिना’ नावाने वावरणारी एक तरुणी होती. १९४७ च्या जूनमध्ये तिने ऑफिसच्या टाइपरायटरवर कार्बन लावून ‘व्हाइस व्हर्सा’ नावाचं छोटं नियतकालिक काढलं, लेस्बियन स्त्रियांसाठी. फेब्रुवारी १९४८ पर्यंत नऊ अंक निघाले. अंकावर तिचं नाव नव्हतं. पुढे तिने ‘लिसा बेन’ हे टोपणनाव घेतलं. रोमन लिपीत त्याची अक्षरं फिरवली की ‘लेस्बियन’ होतं. स्वतः टंकायचं, स्वतः वाटायचं, ही रीत त्या मंडळींत आधीच रुळलेली होती. त्याच शहरातला जिम केप्नर हाही आधी विज्ञानकथांचं फॅनझिन काढणारा, आणि नंतर समलिंगी चळवळीचा लेखक आणि संग्राहक. या माणसांना ‘चाहतावर्ग’ म्हणायला हात धजत नाही.

प्रतिसाद:
‘रसिकमंडळ’ कसं वाटतं? ‘रसिक’ हा फक्त ऐकणारा नसतो, जाणकारही असतो.

प्रतिसाद:
रसिकमंडळात सतरंजी आणि अध्यक्ष आले! मी ‘गोतावळा’ म्हणेन.

धागाकर्ता:
‘गोतावळा’ वाचल्यावर मी बराच वेळ तिथेच थांबलो. हा शब्द माझ्या डोक्यात आला नव्हता याचं वाईट वाटतंय.

प्रतिसाद:
मला एक अडचण दिसते. गोत जन्माने मिळतं. ज्यांना गोतानेच बाहेर काढलं त्यांच्या नव्या घराला तोच शब्द द्यायचा? मी लेस्बियन आहे, म्हणून विचारते. ‘गोतात राहायचं असेल तर’ हे वाक्य मी फार ऐकलंय.

धागाकर्ता:
ताई, तुमचं म्हणणं काळजाला लागलं, आणि ते बरोबरही आहे. तरी मी गोतावळ्याच्या बाजूने बोलतो. ‘गोत’ रक्ताचं असलं, तरी गोतावळ्याचा वापर कधीच सैल झालाय. ‘मित्रांचा गोतावळा’, ‘शिष्यांचा गोतावळा’ असं आपण सहज म्हणतो. भोवती जमलेली, ये-जा करणारी, भांडणारी आणि तरी न जाणारी माणसं. मुळातलं रक्ताचं नातं पुसट होऊन निवडलेलं नातं वर आलं आहे, आणि या अनुभवाला तेच हवं आहे. मात्र सगळीकडे वापरणार नाही. जिथे माणसांबद्दल बोलतोय तिथे ‘गोतावळा’, जिथे एकूण व्यवहाराबद्दल तिथे सरळ ‘फॅन्डम’.

आता स्लॅश. ‘स्टार ट्रेक’ ही मूळ अमेरिकी टीव्ही-मालिका १९६६ ते १९६९ चालली. तिच्यातले कर्क आणि स्पॉक हे दोन पुरुष एकमेकांवर प्रेम करतात असं मानून चाहत्यांनी कथा लिहायला सुरुवात केली. छापलेली पहिली कथा १९७४ सालची, ‘ग्रप’ नावाच्या फॅनझिनमधली. तिच्यात दोघांची नावंसुद्धा घेतलेली नाहीत. पुढे अशा कथा ओळखता याव्यात म्हणून खूण ठरली: मैत्रीची कथा असेल तर दोन नावांमध्ये ‘आणि’चं चिन्ह, प्रेमाची असेल तर तिरकी रेघ. कर्क/स्पॉक. त्या रेघेवरून सगळ्या प्रकाराचं नाव पडलं.

मला ही रेघ फार महत्त्वाची वाटते. इतर ठिकाणी तिचा अर्थ ‘किंवा’ असतो. कुठलाही अर्ज घ्या: पुरुष/स्त्री, विवाहित/अविवाहित. लागू नसेल ते खोडा. शाळेपासून मी या रेघेसमोर पेन धरून बसलोय, आणि दर वेळी एक बाजू खोडताना आपण खोटं लिहितोय असं वाटायचं. या लोकांनी तीच रेघ उचलली आणि तिचा अर्थ ‘सोबत’ केला. म्हणून अनुवादात रेघ दिसायला हवी असा माझा हट्ट आहे.

प्रतिसाद:
‘जोडकथा’? आपल्याकडे जोडाक्षर आहेच.

धागाकर्ता:
सुंदर आहे, पण जोडाक्षरात एकाला अर्धं व्हावं लागतं. रेघेच्या दोन्ही बाजूंना दोघं पूर्ण राहतात. शिवाय ‘जोडकथा’ म्हटलं की एकमेकींना पूरक अशा दोन कथा डोळ्यांसमोर येतात.

प्रतिसाद:
मग ‘तिरकी कथा’?

धागाकर्ता:
नको. तिरकं बोलणं म्हणजे टोमणा. या कथा फार सरळ मनाने लिहिलेल्या असतात.

प्रतिसाद:
‘समलिंगी कथा’ म्हणून मोकळं व्हा ना. वाचकाला लगेच कळेल.

प्रतिसाद:
ते चुकीचं होईल. मघाची मीच, लेस्बियन वाचक. कर्क/स्पॉकच्या कथा बहुतेक स्त्रियांनी, स्त्रियांसाठी लिहिल्या. जोआना रस या लेस्बियन विज्ञानकथालेखिकेने १९८५ साली यावर निबंध लिहिला, तोही स्त्रियांची इच्छा काय शोधते या अंगाने. समलिंगी पुरुषांचं आयुष्य दाखवणं हा त्या कथांचा हेतू नव्हताच. समलिंगी चाहत्यांचा स्वतःचा उद्योग वेगळा. त्यांनी ऐंशीच्या दशकात ‘गेलॅक्टिक नेटवर्क’ ही संघटना काढली आणि १९८८ पासून ‘गेलॅक्सिकॉन’ ही संमेलनं भरवली. ‘गॅलॅक्टिक’मध्ये ‘गे’ घुसवलेला शब्द आहे, आणि तो मराठीत उलथवायला जाऊ नका, देवनागरीत नुसता लिहिला तरी पोचतो. स्लॅश आणि समलिंगी साहित्य ही दोन वर्तुळं आहेत. एकमेकांवर येतात, पण एक नाहीत.

धागाकर्ता:
हे तुम्ही नेमकं सांगितलंत. माझ्या पहिल्या खर्ड्यात नेमकी हीच सरमिसळ होती, ती आज काढतो. तरी एवढं सांगू द्या: त्या कथा माझ्यासाठी लिहिलेल्या नव्हत्या, पण दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट मी पहिल्यांदा तिथेच वाचली. दुसऱ्याला आलेलं पत्र चुकून उघडावं आणि त्यात आपलीच खबर असावी, तसं झालं.

तर ‘रेघकथा’ ठरवतोय. पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात रेघेची हकिगत सांगेन, मग शब्द आपल्या पायांवर उभा राहील.

प्रतिसाद:
‘कॅनन’ला, म्हणजे मालिकेतल्या अधिकृत कथेला, काय करताय? ‘मूळ संहिता’ आणि चाहत्यांनी घातलेलं ते ‘प्रक्षिप्त’?

धागाकर्ता:
‘मूळ संहिता’ पटतं. ‘प्रक्षिप्त’ नाही. पोथ्यांच्या अभ्यासात तो भाग नंतर कुणीतरी घुसवलेला, म्हणून गाळायचा असतो. आम्ही जे वाचलं ते बऱ्याचदा मजकुरात होतंच, फक्त उघड बोललेलं नव्हतं. १९३४ पासून हॉलीवूडच्या चित्रपटांवर जी नियमावली लादली गेली तिच्यात समलिंगी नातं दाखवायला बंदी होती, ती साठच्या दशकापर्यंत टिकली. मग ते इशाऱ्यांनी दाखवायची सवय लागली. याला ‘क्विअर कोडिंग’ म्हणतात. आपल्याला त्यासाठी नवा शब्द घडवायला नको, ‘व्यंजना’ आहे. आणि हल्लीचं जे ‘क्विअरबेटिंग’, म्हणजे दोघांत काहीतरी आहे असं सुचवत प्रेक्षक धरून ठेवायचे आणि शेवटपर्यंत काहीच द्यायचं नाही, त्याला ‘झुलवणं’. ‘मालिकेने आम्हाला सहा वर्षं झुलवलं’ हे कुणालाही समजेल.

प्रतिसाद:
अवांतर विचारतो. उर्सुला ले ग्विन यांची १९६९ सालची ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ ही कादंबरी तुमच्या लेखात असेलच. तिच्यातल्या ग्रहावरची माणसं महिन्यातले बहुतेक दिवस ना पुरुष ना स्त्री. इंग्रजीत ले ग्विन यांनी सगळ्यांना ‘तो’ म्हटलं, आणि तो निर्णय चुकला असं पुढे स्वतःच मान्य केलं. मराठीत तर सर्वनाम टाळूनही सुटका नाही, क्रियापदच लिंग सांगतं. आला, आली, आलं. ‘ते मूल आलं’सारखं नपुंसकलिंग मोठ्या माणसाला लावलं तर अपमान वाटतो. कसं करणार?

धागाकर्ता:
हा प्रश्न अवांतर नाही. आणि याचं उत्तर मला अभ्यासाने सापडलेलं नाही, सवयीने येतं.

आदरार्थी अनेकवचनाची तिरकी रूपं घ्यायची: त्यांनी, त्यांना, त्यांचं. यात लिंग उघडं पडत नाही. ‘ते म्हणाले’, ‘त्या म्हणाल्या’ इथे पडतं, म्हणून ‘म्हणणं’ आणि ‘बोलणं’ टाळायचं, ‘त्यांनी सांगितलं’, ‘त्यांनी विचारलं’ लिहायचं. ‘निघाले’ऐवजी ‘त्यांना निघायचं होतं’. वर्तमानकाळात कर्ता गाळला की ‘येतात’, ‘राहतात’, ‘येणार आहेत’ सगळ्यांना चालतं. प्रथमपुरुषात ‘मी गेलो’, ‘मी गेले’ अडतं, पण ‘मी जाईन’, ‘मी पाहिलं’ अडत नाही.

घरच्यांसमोर जोडीदाराबद्दल मी अकरा वर्षं असंच बोललोय. ‘त्यांचा फोन आला होता.’ ‘त्यांनी पुस्तक दिलं.’ ‘उद्या येणार आहेत.’ एकदाही क्रियापद चुकलं नाही. आता ले ग्विन यांच्या त्या कादंबरीतली दोन पानं अनुवादून पाहतो आणि इथे टाकतो. कुठे ‘आला’ किंवा ‘आली’ निसटलं तर तेवढं दाखवा.