काक्षीची प्रत डोळ्यांनी कशी ठरवायची? आणि काक्षी मंदावली म्हणजे स्फोट जवळ आला का?

पूर्वाभाद्रपदा:

मृगातल्या काक्षीची (पंचांगातली आर्द्रा, म्हणजेच बीटलज्यूज) दृश्यप्रत (तेजाचा आकडा; तो जितका मोठा तितका तारा मंद) नियमित नोंदवायची आहे. साधनं: नुसते डोळे, ७×५० ची द्विनेत्री आणि साधी १८-५५ लेन्स लावलेला डीएसएलआर. डिसेंबरच्या मध्यावर रात्री साडेदहाच्या सुमारास घेतलेल्या नोंदी जुळत नाहीत. रोहिणीशी ताडून पाहिलं की एक आकडा येतो, प्रश्व्याशी (प्रोसिऑनशी) ताडलं की दुसरा, आणि फरक चक्क पाव प्रतीचा. शिवाय काक्षीकडे थोडा वेळ पाहत राहिलं की ती आधीपेक्षा ठळक वाटायला लागते.

दुसरा प्रश्न सिद्धांताचा. २०१९-२० मध्ये ती मंद झाली तेव्हा "आता फुटणार" अशी चर्चा सगळीकडे होती. गाभ्यात काय चाललंय ते बाहेरच्या प्रतीवरून कळू शकतं का? आणि "ती कदाचित आधीच फुटली असेल, प्रकाश पोचायचा आहे" या वाक्यात कितपत तथ्य आहे?

क्रांतिवृत्त:

तुमचा पाव प्रतीचा फरक हवेमुळे आहे, डोळ्यांमुळे नाही. हिशेब करून दाखवतो.

डोक्यावरच्या ताऱ्याचा प्रकाश हवेचा एक थर पार करून येतो असं धरा. मग ३० अंश उंचीवरच्या ताऱ्याला दोन थर पडतात, २० अंशांवर जवळजवळ तीन, १० अंशांवर साडेपाच. स्वच्छ रात्री दर थरामागे तारा ०.२ ते ०.३ प्रतीने मंद होतो. शहरावरच्या धुळीत आणि थंडीतल्या धुरक्यात याहून जास्त. तुम्ही दिलेल्या वेळेला महाराष्ट्रातून काक्षी साधारण ५४ अंशांवर असते (१.२४ थर), रोहिणी ७५ वर (१.०४) आणि प्रश्वा जेमतेम २९ वर (२.०६). दर थराला ०.२५ धरलं तर प्रश्वा काक्षीच्या तुलनेत ०.२० ने जास्त मंदावतो, म्हणून त्याच्याशी ताडलेली काक्षी उगाच उजळ ठरते. उलट रोहिणीशी ताडलेली ०.०५ ने फिकी ठरते. दोन्ही मिळून ०.२५. तुमची नजर चांगली आहे, वेळ चुकली.

काक्षी याम्योत्तर वृत्तावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) येते तेव्हा पाहा. १९ अक्षांशावरून ती तेव्हा ७८ अंशांवर असते, रोहिणी ७१ वर आणि प्रश्वा ६१ वर. थरांमधला फरक ०.१२ च्या पुढे जात नाही, म्हणजे चूक ०.०३ प्रतीची; ती सोडून दिली तरी चालते. ही वेळ १५ जानेवारीला रात्री पावणेअकराच्या आसपास येते, १५ फेब्रुवारीला पावणेनऊला, १ मार्चला आठच्या थोडं आधी. दुसऱ्या वेळेला पाहावं लागलं तर तिन्ही ताऱ्यांची उंची लिहून ठेवा, दुरुस्ती नंतर करता येते. एप्रिलच्या शेवटी रोहिणी पश्चिमेला खाली जाते, तेव्हा हीच चूक उलट दिशेने होते.

तुलनेसाठी या प्रती धरा: राजन्य (रायगेल) ०.१, प्रश्वा ०.४, रोहिणी ०.९, पुनर्वसूतला पोलक्स १.१, मृगातलाच बेलॅट्रिक्स १.६. राजन्य आणि रोहिणी स्वतः किंचित बदलतात, म्हणून एकट्या त्यांच्यावर विसंबू नका. नेहमीची काक्षी ०.५ च्या आसपास असते, तेव्हा प्रश्वा आणि रोहिणी ही जोडी पुरते. ती १ पेक्षा मंद झाली की पोलक्स आणि बेलॅट्रिक्स घ्यायचे.

एक तारा काक्षीपेक्षा उजळ आणि एक मंद, असे दोन निवडा. दोघांतल्या अंतराचे मनात पाच भाग करा आणि काक्षी कितव्या भागावर बसते ते ठरवा. प्रश्व्यापासून रोहिणीकडे जाताना दोन भागांवर वाटली तर ०.४ अधिक ०.५ चे दोन पंचमांश, म्हणजे ०.६. एका दशांश स्थळापर्यंतच लिहा. आणि आधीचा आलेख पाहण्यापूर्वी आकडा कागदावर उतरवा. काल ०.६ लिहिलेलं डोक्यात असलं की आज ०.६ च दिसतं. नवशिक्यांच्या नोंदी बिघडण्याचं हे सगळ्यांत मोठं कारण आहे, हवेपेक्षाही मोठं.

वर्णपट:

लाल रंगाबद्दल. लाल ताऱ्याकडे टक लावली की तो हळूहळू उजळ भासू लागतो, ही सगळ्याच लाल चल ताऱ्यांची जुनी अडचण आहे. उपाय म्हणजे टक लावायचीच नाही. दोन-तीन सेकंद काक्षी, तेवढाच वेळ तुलनेचा तारा, पुन्हा काक्षी. चार-पाच फेऱ्या झाल्या की आकडा ठरवा. लांबचं नीट न दिसणाऱ्यांनी चष्मा काढून पाहावं. ठिपक्याची चकती होते आणि रंगाचा झोत कमी होऊन तेजाची तुलना सोपी जाते. द्विनेत्री इथे कामाची नाही: काक्षी ते रोहिणी २१ अंश, ७×५० चं क्षेत्र साताच्या आसपास, म्हणजे दोन्ही एकत्र कधीच दिसणार नाहीत. चंद्र मृग-वृषभाच्या आसपास असेल त्या दोन-तीन रात्री सोडून द्या.

डीएसएलआरने ०.०२-०.०३ पर्यंत अचूकता मिळू शकते. १८-५५ लेन्स ३५ मिमीवर ठेवा. ५० वर काक्षी आणि रोहिणी चौकटीत मावतात खऱ्या, पण अगदी कडेला जातात. आयएसओ १०० किंवा २००, छिद्र एफ ५.६, उघडीप (एक्सपोजर) ५ ते ८ सेकंद, फाइल रॉ. फोकस मुद्दाम बिघडवा, तारा १०-१५ पिक्सेलची चकती दिसला पाहिजे. नेमका फोकस ठेवलात तर मधले दोन-तीन पिक्सेल भरून जातात आणि तेजस्वी ताऱ्याचा प्रकाश कापला जातो. नंतर कोणत्याही आज्ञावलीने तो परत मिळत नाही. १४ बिटच्या कॅमेऱ्यात पिक्सेलची कमाल मर्यादा १६,३८३ असते. चकतीतला सगळ्यांत उजळ पिक्सेल १०,००० च्या आत ठेवा. ताऱ्यांच्या लुकलुकण्याची सरासरी निघावी म्हणून निदान २० फोटो. झाकण लावून त्याच उघडीपीचे १० काळे फोटो, आणि एकसारख्या उजेडातल्या पांढऱ्या पृष्ठभागाचे १०. हे शेवटचे लोक टाळतात, पण लेन्सच्या कडेला प्रकाश बराच कमी पोचतो आणि तुमचा तुलनेचा तारा नेमका कडेला असतो.

मोजणी फक्त हिरव्या पिक्सेलवर करायची, त्यासाठीची अ‍ॅस्ट्रोइमेजजे ही आज्ञावली मोफत आहे. हिरवी गाळणी प्रमाण 'व्ही' पट्ट्याशी (दृश्यप्रत मोजण्याच्या ठरलेल्या रंगपट्ट्याशी) तंतोतंत जुळत नाही, म्हणून ताऱ्यांच्या रंगातल्या फरकाच्या प्रमाणात चूक येते. बी-व्ही रंगांक (जितका मोठा तितका तारा लाल) असे: काक्षी १.८५, रोहिणी १.५४, प्रश्वा ०.४२, राजन्य −०.०३. तुमच्या कॅमेऱ्याचा गुणांक (रंगांकातल्या दर एककाच्या फरकामागची चूक) समजा ०.१ निघाला, तर रोहिणीशी तुलना करताना चूक ०.०३ ची आणि प्रश्व्याशी करताना ०.१४ ची. म्हणून कॅमेऱ्यात रोहिणी पहिली पसंती. मोबाइलचा फोटो यासाठी वापरू नका. तो स्वतःच उजेड-अंधार सावरून घेतो आणि आकड्यांना अर्थ उरत नाही.

सिलिकॉन:

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, कळत नाही. का कळत नाही ते समजून घेण्यासारखं आहे.

काक्षी जन्मली तेव्हा सूर्याच्या अठरा-वीस पट वस्तुमानाचा निळा तारा होती. गाभ्यातलं हायड्रोजन संपलं, गाभा आकसून तापला, बाहेरचं आवरण फुगलं आणि थंडावलं. आज तिची त्रिज्या सूर्याच्या साडेसातशे पटींच्या घरात, पृष्ठभागाचं तापमान ३,६०० केल्विनच्या आसपास. सूर्याच्या जागी ठेवली तर मंगळ पोटात जाईल. २०२० च्या एका सविस्तर अभ्यासानुसार गाभ्यात सध्या हेलियमपासून कार्बन होत आहे आणि स्फोटाला एक लाख वर्षांहून अधिक काळ आहे.

पुढचे टप्पे किती वेगाने उरकतात ते पाहा. सूर्याच्या १५ पट ताऱ्याच्या प्रारूपात हायड्रोजन १ कोटी १० लाख वर्षं पुरतं, हेलियम २० लाख, कार्बन २,००० वर्षं, निऑन वर्षापेक्षा कमी, ऑक्सिजन अडीच वर्षं, सिलिकॉन १८ दिवस. एवढी घाई का? कार्बनपासून पुढे तापमान इतकं वाढतं की बहुतेक ऊर्जा न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण घेऊन जातात. प्रकाश आवरणात अडतो, न्यूट्रिनो अडत नाहीत. गळती जितकी मोठी तितकं इंधन भराभर जाळावं लागतं. शेवटी लोखंडाचा गाभा साधारण १.४ सौर वस्तुमानाला पोचतो. हा आकडा चंद्रशेखर मर्यादेच्या जवळचा, आणि ते अपघाताने नाही: इलेक्ट्रॉनांचा दाब त्याहून जास्त भार पेलू शकत नाही. मग गाभा सेकंदाच्या आत कोसळतो.

आता मुद्दा असा की वरच्या आवरणाला आपलं ऊष्मीय संतुलन बदलायलाच शंभर वर्षांच्या घरात वेळ लागतो. निऑन, ऑक्सिजन, सिलिकॉन हे टप्पे आवरणाला पत्ता लागायच्या आत संपतात. तळघरात काय जळतंय ते छपराला कळत नाही. प्रतीतला चढउतार हा छपराचा: ४०० दिवसांच्या सुमाराचं स्पंदन (आकुंचन-प्रसरण) आणि पृष्ठभागावरचे प्रचंड संवहन-पुंज, म्हणजे उकळल्यासारखे वर येणारे वायूचे लोट.

याला एक अपवाद नोंदवतो, कारण तो लपवणं बरोबर नाही. काही तारे स्फोटाआधी अस्वस्थ होतात. एसएन २०२०टीएलएफ या अतिनवताऱ्याचा (फुटलेल्या ताऱ्याचा) जनक तारा शेवटच्या १३० दिवसांत उजळलेला आढळला. पण मे २०२३ मध्ये एम १०१ दीर्घिकेत फुटलेल्या एसएन २०२३आयएक्सएफ च्या जनकाच्या जुन्या अवरक्त नोंदींत साधारण १,००० दिवसांचा संथ चढउतार दिसला, मोठा उद्रेक मात्र दिसला नाही. म्हणजे उद्रेक दिसला नाही म्हणून निश्चिंत होता येत नाही, आणि मंदावणं हे तर लक्षणच नाही.

खात्रीची पूर्वसूचना एकच, न्यूट्रिनो. २३ फेब्रुवारी १९८७ ला मोठ्या मॅजेलॅनी मेघातल्या (शेजारच्या एका छोट्या दीर्घिकेतल्या) स्फोटाचे न्यूट्रिनो जपान, अमेरिका आणि सोव्हिएत संघातल्या शोधकांनी टिपले, आणि ते दृश्य प्रकाशाच्या काही तास आधी पोचले होते. काक्षी त्या मानाने शेजारी आहे, तिच्या बाबतीत आकडे फार मोठे असतील.

"आधीच फुटली असेल" याचा हिशेब सोपा. अंतर ५५० ते ७२५ प्रकाशवर्षांच्या दरम्यान, उरलेला काळ लाखाच्या वर. शक्यता एक टक्क्याहूनही कमी. आणि फुटली तर अर्ध्या चंद्राएवढी तेजस्वी, दिवसाही काही महिने दिसेल, पण एवढ्या अंतरावरून पृथ्वीला धोका नाही.

पूर्वाभाद्रपदा:

तिघांचेही आभार, उंचीचा हिशेब वहीत उतरवला. पण मग नोंदी ठेवण्याचा उपयोग काय? गाभा दिसत नाही आणि मोठ्या दुर्बिणी आहेतच.

क्रांतिवृत्त:

मोठ्या दुर्बिणींना काक्षी अवघड जाते, कारण ती अतितेजस्वी आहे. संवेदक भरून जातो. म्हणून तिचा दीर्घ आलेख मुख्यतः डोळ्यांनी घेतलेल्या नोंदींवर उभा आहे. ती बदलते हे जॉन हर्शेलने १८३६ मध्ये ओळखलं तेही डोळ्यांनीच.

या आलेखात २,१०० दिवसांच्या आसपासचं एक दुसरं, लांब आवर्तन आहे. ते खरं स्पंदन मानलं तर तारा बराच मोठा ठरतो आणि कार्बनच्या शेवटच्या टप्प्यात जातो. २०२३ मध्ये असा दावा झालाही. ते स्पंदन नसून जवळून फिरणाऱ्या लहान सोबती ताऱ्याचा परिणाम असेल, तर हेलियमचा टप्पा कायम राहतो. जुलै २०२५ मध्ये हवाईतल्या जेमिनी दुर्बिणीतून अशा सोबत्याचा संभाव्य माग लागल्याचं जाहीर झालं. म्हणजे स्फोटाला शतकं की लाखभर वर्षं, हा वाद ज्या आवर्तनावर अडला ते आवर्तन सापडलं अशाच नोंदींतून.

२०१९-२० चंही तेच. डिसेंबर २०१९ मध्ये घसरण लक्षात आली, फेब्रुवारी २०२० च्या मध्याला प्रत १.६ पर्यंत उतरली, म्हणजे बेलॅट्रिक्सच्या बरोबरीला. चिलीतल्या व्हीएलटी या मोठ्या दुर्बिणीच्या प्रतिमांत दक्षिण अर्ध गोल काळवंडलेला दिसला. पृष्ठभागाचा एक भाग थंडावला आणि ताऱ्याने आधी फेकलेल्या वायूची धूळ झाली, अशी सांगड घालण्यात आली. जपानच्या हिमावारी-८ या हवामान उपग्रहाच्या चित्रांच्या कडेला काक्षी योगायोगाने टिपली गेली होती, त्यावरूनही दोन्ही कारणांना दुजोरा मिळाला.

आपल्याकडची खरी उणीव पावसाळ्याची. सूर्य २१-२२ जूनला आर्द्रात येतो, म्हणजे मेच्या मध्यापासून काक्षी संधिप्रकाशात हरवते आणि पुढे ढग. सप्टेंबरअखेर पहाटे ती पूर्वेला चांगली वर आलेली असते आणि आकाशही मोकळं व्हायला लागतं. तेव्हाच्या नोंदी फार थोडे लोक घेतात, म्हणून त्यांची किंमत जास्त. पहाटे साडेपाचला पाहा, तेव्हा ती उंच असते.

वर्णपट:

नोंद अमेरिकन चल तारा संघटनेकडे पाठवणार असाल तर वेळ जागतिक वेळेत द्या, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. पहाटे साडेपाचपूर्वीची नोंद आदल्या तारखेवर जाते, तिथे हमखास गोंधळ होतो. सोबत तुलनेचे दोन्ही तारे आणि त्यांच्या धरलेल्या प्रती लिहा. चंद्र, धुरकं किंवा कमी उंची असेल तर तेही, आणि शंका असलेला आकडा गाळू नका, शंकेसकट पाठवा.