प्रिपेअर्ड पियानोच्या तारांची निगा कशी राखावी? (मुंबईचा पावसाळा!)

नमस्कार मंडळी,

दादरला एका संगीतशाळेत मी पियानो शिकवते. आमच्याकडे एक जुना बेबी ग्रँड (आडव्या तारांचा छोटा ग्रँड पियानो) आहे. वरच्या वर्गातली मुलं गेल्या वर्षापासून अमेरिकन संगीतकार जॉन केजच्या 'सोनाटाज अँड इंटरल्यूड्स'मधल्या (१९४६-४८) काही रचना बसवत आहेत. त्या प्रिपेअर्ड पियानोसाठी आहेत, म्हणजे तारांत वस्तू अडकवून आवाज बदललेल्या पियानोसाठी. पूर्ण संचासाठी ४५ सुरांच्या तारांत स्क्रू, बोल्ट, रबर, प्लास्टिक अडकवावं लागतं, तेही डॅम्परपासून (तारेचा आवाज थांबवणाऱ्या फेल्टच्या गादीपासून) अंतर मोजून. कान देऊन ऐकलं तर एकाच वाद्यातून घंटा, ढोल, लाकडी ठोके निघतात. मुलं अक्षरशः हरखून जातात, आणि मला हे बंद करायचं नाहीये.

पण जूनमध्ये झाकण उघडलं आणि पोटात गोळा आला. जिथे बोल्ट आठवडाभर राहिले होते, तिथे पोलादी तारांवर तपकिरी कडी पडली होती. खर्जाच्या एका तारेवर तर कुणीतरी स्क्रू पिळून बसवला होता. तांब्याचा वेढा तिथे खरवडून चकाकतोय आणि तो सूर वाजवला की झर्र आवाज येतो. चूक माझीच, मी तेव्हा वर्गात नव्हते.

तेव्हापासून नियम केलाय: उजवं पेडल दाबून डॅम्पर उचलायचे, लाकडी पाचरीने तारा हलकेच फाकवायच्या, मग स्क्रू सरकवायचा. हात पुसलेले हवेत, खर्जाच्या तारांत फक्त रबर किंवा फेल्ट, आणि तालीम संपली की सगळं काढायचं. सामान नागदेवीच्या हार्डवेअर बाजारातून आणते, प्रत्येक सुराचं वेगळ्या डबीत, नाव लिहून.

आता अडलंय ते इथे. पोलादीऐवजी पितळी स्क्रू वापरले तर ओरखडे खरंच कमी पडतात का, आणि आवाज किती बदलतो? गंजाचे डाग ट्यूनरकडूनच काढून घ्यावेत की तार बदलणंच बरं? खोलीत एसी आहे, पण रात्री बंद असतो आणि सकाळी भिंतींना ओल जाणवते. पियानोच्या आत ओल कमी करणारा हीटर रॉड बसवलेलं कुणी आहे का मुंबईत?

आमच्या नेहमीच्या ट्यूनरकाकांनी "तारांत लोखंड घालणार असाल तर मला बोलावू नका" असं सांगितलंय. त्यांचा जीव त्या वाद्यात आहे, मला राग नाही. पण असं काम मन लावून करणारं कुणी ओळखीचं असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. ऑगस्टअखेर मुलांचा कार्यक्रम आहे.