तरुण संघाच्या लीडरचा जोश जास्त झालाय, काय करावं?

तरुणसंघ_नगर:
सलाम सगळ्यांना. आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघाला नवा लीडर मिळालाय, मुलगा मनापासून देवाचा आहे, रात्रभर प्रार्थना, गावोगाव सुवार्ता (येशूचा संदेश) सांगणं, अंगात नुसती आग. सुरवातीला पोरं भारावून गेली होती पण आता जो शनिवारी आला नाही त्याला तो सगळ्यांसमोर थंड विश्वासाचा म्हणतो, परीक्षा चालू असलेल्या मुलींनाही सोडलं नाही, निम्मे लोक यायचे बंद झालेत. मला त्याची तळमळ मारायची नाहीये. शास्त्राच्या आधाराने कसं बोलू?

जुना_सेवक:
त्याच्यासोबत बसून बायबलमधलं नहेम्याचं पुस्तक वाचा. नहेम्या हा पर्शियाच्या राजाच्या पदरी असलेला यहुदी. यरुशलेमचा कोट पडलाय हे ऐकून तो माणूस रडला, उपास केला, पण राजापुढे विषय काढला तो किसलेव ते निसान या यहुदी महिन्यांच्या हिशोबाने जवळपास चार महिन्यांनी. यरुशलेमला पोचल्यावरही तीन दिवस गप्प, मग रात्री मोजकी माणसं घेऊन कोट फिरून बघितला आणि त्यानंतर लोकांशी बोलला, आणि कोट 52 दिवसांत पुरा झाला! पाचवा अध्याय तर नक्की वाचा. श्रीमंत लोक आपल्याच भावांची शेतं गहाण घेतायत, पोरं गुलाम होतायत, हे ऐकून तो भयंकर संतापला, पण आधी मनाशी विचार केला आणि मग धरलं ते सरदारांना, गरिबांना नाही. वर स्वतः तिथला अधिपती (प्रांताचा कारभारी) असून 12 वर्षं त्या पदाचा भत्ता घेतला नाही. तुमच्या लीडरचा राग मात्र सगळ्यात दुबळ्यांवर निघतोय, हे त्याला प्रेमाने पण स्पष्ट सांगा.

वसईकर:
सेवक काका, पटलं, पण त्याच नहेम्याने तेराव्या अध्यायात लोकांना शाप दिले, काहींना मारलं, केस उपटले, तेही देवाच्याच कामासाठी. म्हणजे एवढ्या संयमी माणसाचाही तोल जाऊ शकतो, म्हणून लीडरला एकटं सोडू नये, त्याला थांबवू शकेल असं कुणीतरी वडीलधारं सोबत हवं. आणि येशूला धरायला लोक आले तेव्हा त्याचा शिष्य पेत्र याने जोशात महायाजकाच्या मल्ख नावाच्या दासाचा कान कापला, तर येशूने पेत्राला थांबवलं आणि लगेच तो कानही बरा केला ना? मग तुम्हीही नुसतं लीडरशी बोलून थांबू नका, त्या सोडून गेलेल्या मुलांच्या घरीही लगेच जा.

केडगावची:
पंडिता रमाबाईंचं उदाहरण द्यावंसं वाटतं. 1889 ला त्यांनी विधवा आणि मुलींसाठी शारदा सदन ही निवासी शाळा काढली तेव्हा तिथे धर्मशिक्षण नसेल असं ठरलं होतं, पण बाईंची ख्रिस्ती भक्ती लपण्यासारखी नव्हती, मुली त्यांच्या प्रार्थनेला येऊन बसू लागल्या, आणि 1893 मध्ये रानडे, भांडारकर हे समाजसुधारक सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. बाईंनी कुणावर जबरदस्ती केली असं मला वाटत नाही, पण विश्वास ठेवून मुली पाठवणाऱ्यांना धक्का बसला हेही खरंच आहे. तीच तळमळ 1896 च्या दुष्काळात त्यांना मध्य प्रांतात घेऊन गेली आणि उपाशी, निराधार मुली त्यांनी आणून सांभाळल्या. बायबलच्या भाषांतरासाठी तर हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, वर्षानुवर्षं बसून काम केलं. तुमच्या लीडरला असं चिकाटीचं काम द्या, आजारी लोकांच्या भेटी, लहान मुलांचे वर्ग, जिथे रोज जावं लागतं आणि कुणी टाळ्या वाजवत नाही. आग खरी असेल तर तिथे टिकेल.

तरुणसंघ_नगर:
मनापासून आभार. त्या मुलींच्या घरी या आठवड्यात जातोय, पाळकसाहेबांनाही सोबत घेतो. नहेम्याचा पाचवा अध्याय लीडरबरोबर दोघंच बसून वाचू, सगळ्यांसमोर नको. दवाखान्यातल्या भेटींचं काम त्याला विचारून बघतो, तो नाही म्हणणार नाही असं वाटतंय.